नववा गुरुवार

गुरुवारची बस म्हणजे पासवाल्यांची बस. डूनाव्हीनहून सकाळी निघायची, बॅलिनाला जायची आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत यायची. आठवड्यात दुसरी फेरी नाही. तिकीट काढून बसणारं कुणी चढलंच, तर सगळी बस त्याच्याकडे जरा कणवेनं बघे, की बिचाऱ्याचं अजून वय झालेलं दिसत नाही. बाकी सारे सरकारी कार्डवाले. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाचे कान गेलेले, कुणाचा नवरा गेलेला. कार्ड यंत्रापुढे धरायचं, यंत्र चिमणीसारखं एकदा चिवकायचं, आणि मग मेयो जिल्हाच काय, साऱ्या आयर्लंडचे रस्ते आपलेच.

विनी गॉनला ते चिवकणं फार आवडे. तिला दिसत नव्हतं. चाळिशीत नजर उतरू लागली आणि कुणी दिव्याची वात सावकाश खाली ओढत न्यावी तशी उतरत गेली. आता सत्तरी उलटल्यावर उजेड आणि काळोख एवढंच कळे, आणि एवढं तरी कळतं म्हणून ती रोज सकाळी देवाचे आभार मानी. तिच्या कार्डावर सोबतीचीही सोय होती. तिच्याबरोबर येणाऱ्या एका माणसालाही फुकट. बरीच वर्षं ती सोबत म्हणजे शेजारची डेलिया मनेली. डेलियाकडे वयाचा स्वतःचा पास होता, पण ती तो कधी बाहेरच काढत नसे.

"तुझ्या कार्डावरची जागा फुकट कशाला घालवायची?" ती म्हणे. "माझं ठेवते जपून."

"जपून ठेवून काय करणार? त्याला काय व्याज लागतंय?"

"तू मेलीस की वापरीन," डेलिया सांगे, आणि दोघी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून बॅलिनाला जात.

विनीला ती सगळी वाट पाठ झाली होती. त्या भागात बस चर्चवरून जाऊ लागली की माणसं बोलता बोलता थांबतात आणि क्रुसाची खूण करतात. कपाळ, छाती, हा खांदा, तो खांदा. कुणी कुणाला सांगत नाही, कुणी कुणाकडे बघत नाही. विनीला ते ऐकू येई. आधी गप्पा एकदम थबकत. मग मेणकापडी कोटांच्या बाह्यांची सळसळ, एखादीच्या कड्याची किणकिण, आणि लगेच पुढचं वाक्य, जिथं सोडलं होतं तिथूनच सुरू. पहिली सळसळ किलव्हाराची. दुसरी पुलापलीकडच्या लहानग्या चर्चची. तिसरी सेंट ब्रिगिडची. तिसरी झाली की घंटी दाबायची. बस थांबे ती थेट नर्सिंग होमच्या फाटकाशी.

हिवाळ्याच्या शेवटी डेलिया अंगणात घसरून पडली आणि खुबा मोडून त्या नर्सिंग होममध्ये जाऊन राहिली. परत घरी यायचं नाव निघेना. मग उन्हाळ्यात विनीनं नऊ गुरुवार धरले. हे काही पाद्रीबाबांनी सांगितलेलं व्रत नव्हतं. बस गुरुवारची, म्हणून गुरुवार. दर गुरुवारी डेलियाच्या खोलीत दोघींनी मिळून संपूर्ण माळ जपायची, अर्धी प्रार्थना एकीनं म्हणायची, उरलेली अर्धी दुसरीनं. आणि खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. कशासाठी, ते दोघींनीही एकमेकींना सांगितलं नव्हतं. तिकडची रीतच तशी. नवस मनातला असतो, आणि विचारलंच तर "आहे एक खास कारण" एवढंच सांगायचं असतं.

आठ गुरुवार निर्विघ्न पार पडले, कारण विनीच्या पुतण्याची बायको नोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि उन्हाळ्याच्या सुटीत ती विनीबरोबर येत होती. आता शाळा उघडली. आणि बुधवारी संध्याकाळी डेलियाचा फोन आला, की फिन्टन उद्या दुपारचं जेवण झालं की मला न्यायला येतोय. फिन्टन हा तिचा मुलगा. राहायला वॉटरफर्डला, म्हणजे देशाच्या अगदी पार दुसऱ्या कोपऱ्यात. किती वर्षांत आईच्या दाराशी आला नव्हता.

म्हणजे नववा गुरुवार दुपारच्या आत साधायचा, नाही तर आठही वाया.

"शनिवारी नेते ना मी तुला गाडीनं," सकाळी नोरीन म्हणाली.

"शनिवारी डेलिया तिथं नसेल."

"मग फोनवर म्हणा दोघी. हल्ली टीव्हीवरूनसुद्धा मिस्सा ऐकतात लोक."

"फोनवर तिला मध्येच झोप लागते. समोर असलं की मी तिला कोपरानं ढोसते."

नोरीन हसली, पण शाळेत जाताजाता तिनं विनीला बसथांब्यावर सोडलं आणि तिच्या कोटाची वरची गुंडी लावली. "हे बघ काकू, एकटी जातेयस. चढल्याबरोबर ड्रायव्हरला सांग, कुठं उतरायचं ते. शेमी नाहीये आज, लूर्दच्या यात्रेला गेलाय. कुणी तरी बदलीचा येईल."

"सांगते."

"नक्की सांग."

"नोरीन, तुझी बटाट्याची पातेली वाट बघतायत."

बस आली, यंत्र चिवकलं. "सोबत आहे का, आजी?" बदलीच्या ड्रायव्हरनं विचारलं. आवाज तरणा होता, बोलण्याचा सूर रॉसकॉमनकडचा.

"आज नाही."

"कुठं उतरणार? मी आवाज देईन."

विनीच्या जिभेवर नर्सिंग होम आलंही होतं. पण मागून कुणी तरी म्हणालं, "अरे, विनीला कसलं विचारतोस, ती डोळे मिटून जाईल," आणि सगळी बस हसली, तीही हसली, आणि हसण्यात ते सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला सांगायचं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती एकटी बसली होती, आणि शेजारची रिकामी जागा तिला लाज वाटावी इतकी ऐसपैस वाटत होती.

बाहेर धुकं होतं. ते तिला गालांवर कळलं होतं, आणि आता उजेडातही कळत होतं. खिडकीकडचा उजेड आज धुवून पिळून वाळत घातलेल्या चादरीसारखा सगळीकडे सारखा होता. बस हळू चालली होती. इंजिनाची गुरगुर पायांतून वर येत होती. किलव्हारा आलं, सळसळ झाली, तिनंही खूण केली. डाव्या खिशात जपमाळ होती, तिचे मणी बोटांखाली गार आणि ओळखीचे. आज म्हणायच्या प्रार्थना ती मनात जुळवत राहिली, आणि जुळवता जुळवता तिला वाटू लागलं की बस चालतच नाहीये, रस्ताच कुणी तरी खालून हलकेच ओढून घेतंय, अंथरुणावरची चादर ओढावी तसा. लहानपणी आजारी असताना असंच वाटायचं. आई खोलीत नुसती ये-जा करायची आणि खोलीच तरंगत असल्यासारखी वाटायची.

पूल आला, पलीकडची सळसळही झाली. मागच्या बाकावर दोन बायका कुणाच्या तरी मुलीच्या लग्नातल्या केकवर बोलत होत्या. केकला तडा गेला होता आणि तो झेंडूच्या फुलांनी झाकला होता म्हणे. तो तडा विनीच्या अर्धवट झोपेत शिरला आणि तिथं वाढत वाढत एक पांढरी वाट झाला. त्या वाटेनं डेलिया चालत येत होती, काठीशिवाय.

मग गप्पा थबकल्या. बस हळू झाली. बाह्यांची सळसळ झाली, नेहमीपेक्षा जास्त वेळ, जास्त सावकाश. कुणी तरी कुजबुजत प्रार्थनाही म्हटली.

सेंट ब्रिगिड, विनीनं दचकून ओळखलं. एवढ्यात आलंसुद्धा? झोपलेच होते की काय मी. तिनं हात वर करून घंटी दाबली.

"इथं?" ड्रायव्हरनं जरा नवलानं विचारलं.

"इथंच," ती म्हणाली, आणि दार उघडलं. "देव तुझं भलं करो बाळा."

पाय टेकले तेव्हा खाली खडी नव्हती. गवत होतं, ओलं, घोट्यापर्यंतचं. नर्सिंग होमच्या फाटकाशी भाजलेल्या पावाचा वास असे. इथं जळत्या पीटचा, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा, धूर होता, आणि कुठं तरी खाली ओढा वाहत होता. ती वळली, पण मागं दार मिटलं होतं आणि बस धुक्यात निघून गेली होती. तिचा आवाज मात्र बराच वेळ जात राहिला.

आणि मग तिला पावलं ऐकू आली. एका माणसाची नाही, पुष्कळ माणसांची. ती कुणी घाईनं टाकत नव्हतं. त्या पावलांवरून जपाची गुणगुण चालली होती, आणि पुढं कुठं तरी एक इंजिन अगदी मंद, श्वास रोखल्यासारखं. विनीच्या सारं ध्यानात आलं. बसमधल्या लोकांनी खूण केली होती ती चर्चसाठी नव्हे. रस्त्यावरून अंत्ययात्रा चालली होती. बस त्या यात्रेसाठीच हळू झाली होती.

असं घडलं की काय करायचं असतं, हे तिला आईनं शिकवलं होतं. अंत्ययात्रा समोर आली की आपलं काम बाजूला ठेवायचं, तोंड फिरवून तिच्या दिशेनं करायचं आणि चार पावलं तिच्याबरोबर चालायचं. मग ते माणूस कुणी का असेना. पायांनी रीत पाळली. तिनं काठी पुढं केली आणि गवतातून रस्त्यावर येऊन चालू लागली.

कुणी तरी तिच्या कोपराला हात लावला. मोठा, उबदार हात, कोटाला मेणाचा आणि पुदिन्याच्या गोळ्यांचा वास. "खड्डा आहे हं पुढं, काकू. या, असं इकडून."

"मी तुमच्यातली नाहीये," विनी हळूच म्हणाली. "मी बसमधून चुकून उतरले."

"हो, पाहिलं मी. म्हटलं, पॅकीसाठी खास बस थांबवून कोण उतरलं. पॅकीला बरं वाटलं असेल. मी मॅलाकी. हा माझाच धंदा, म्हणजे गाडी आमची, पुढं माझा भाऊ चालवतोय. ओळखत होतात का पॅकीला?"

"ओळख नव्हती," विनी म्हणाली. "आता झाली म्हणायची."

तिनं त्याला आपलं सांगितलं, थोडक्यात, चालता चालता, जपाच्या मधल्या सांध्यांत. नर्सिंग होम, डेलिया, मुलगा दुपारी येणार. नवसाचं सांगितलं नाही. "तिच्याशी एक काम आहे" एवढंच म्हणाली.

"बस आता संध्याकाळीच," मॅलाकी म्हणाला. "आणि ती उलटी जाईल, तुमच्या घराकडे. पण आम्हाला पॅकीला ठेवून बॅलिनाला परतायचंच आहे, वाटेतच ते नर्सिंग होम. तोवर चला आमच्याबरोबर. धुक्यात रस्त्याकडेला उभं राहून काय करणार?"

असं विनीला जावं लागलं. स्मशानभूमी टेकाडावर होती. रस्ता चढला तसा धुक्यातला उजेड वाढत गेला, इतका की तिला वाटलं, आपण एखाद्या मोठ्या शिंपल्याच्या आत चालतो आहोत. पॅकी एकटा होता, मॅलाकीनं कानाशी सांगितलं. लग्न नाही, मूल नाही, पण त्याच्या कुत्र्याला सांभाळायला तीन घरं भांडतायत. कुणी तरी पुढं खोकलं. मेंढ्या दूर कुठं एकमेकींना विचारत होत्या. पाद्रीबाबांनी माळ सुरू केली, "नमो मरिये, कृपापूर्णे", आणि साऱ्यांनी उरलेली अर्धी उचलली, "पवित्र मरिये, देवमाते", आणि तो आवाज टेकाडावरून खाली ओढ्याकडे उतरत गेला. विनीही म्हणत होती. तिचे ओठ आपसूक म्हणत होते आणि बोटं मणी सरकवत होती.

तेव्हा तिच्या मनात आलं, की हीच माळ धरावी का? गुरुवार आहे. माळ पुरी होतेय. डेलियापर्यंत पोचले नाही तर निदान हा नववा धरता येईल. देव काय, हिशेबनीस थोडाच आहे. पण मणी पुढं सरकला तशी तिला लाज वाटली. ही माळ पॅकीची. त्याची माळ त्याच्या उशाशी उभं राहून आपल्या नवसाच्या खात्यात टाकायची, हे तिला जमेना. तिनं शेवटच्या मण्यापर्यंत ती पॅकीला दिली, सगळी, आणि मग जरा हलकं वाटलं. नववा गुरुवार अजून तसाच बाकी होता आणि दुपार होत आली होती.

"पुढं बसा," मॅलाकीनं शववाहिकेचं दार उघडून म्हटलं. त्याचा भाऊ एका शेजाऱ्याच्या गाडीतून जेवायला गेला होता. "मागची जागा अजून तुमची नाही."

"इथं कार्ड चालतं का?"

"आमच्याकडे सगळ्यांनाच एक फेरी असते, काकू. परतीची मात्र कुणाला मिळत नाही. तुम्ही पहिल्याच."

सीट मऊ होती, आणि गाडी इतकी बिनआवाजी की रस्ता संपून गेला असावा असं वाटे. मॅलाकीला शांत गाडी चालवायची सवय होती, त्याला घाई करताच येत नव्हती. विनी दोनदा म्हणाली, जरा लवकर. दोन्ही वेळा तो मनापासून हो म्हणाला आणि गाडी तश्शीच चालत राहिली. वाटेत समोरून येणाऱ्या मोटारी थांबत होत्या, कडेला होत होत्या. "टोप्या काढतायत," मॅलाकी म्हणाला. विनीनं मान जराशी लववून त्यांना उत्तर दिलं. तसंच जाणं बरं दिसत नव्हतं.

नर्सिंग होमच्या फाटकाशी पावाचा वास आला. आणि पायऱ्यांवरून एक परिचारिका धावत खाली आल्याचं ऐकू आलं.

"मॅलाकी, कुणी बोलावलंय तुला? आमच्याकडे कुणी गेलेलं नाही."

"माहितीये," मॅलाकी म्हणाला. "आज सोडायला आलोय."

डेलिया खिडकीपाशी कोट घालून बसली होती. कोटाला कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, आणि तिच्या पायांशी विनीच्या काठीला सूटकेस लागली.

"शववाहिकेतून," डेलिया म्हणाली. "खिडकीतून पाहिलं मी. पाहिलं आणि म्हटलं, झालं, गेली विनी, आणि मेली तरी माझ्याकडे येऊन मिरवतेय."

"एकटी आले मी," विनी म्हणाली, आणि खुर्ची चाचपून बसली. ती पार थकली होती. डेलियानं तिचे हात हातात घेतले. हात गार होते, दोघींचेही.

"फिन्टन निघालाय. कॅसलबारहून फोन आला होता. तासाभरात येईल."

"मग चल, काढ माळ. वेळ आहे."

डेलियानं माळ काढली नाही. खोलीत कुठं तरी नळ ठिबकत होता तो ऐकू येऊ लागला.

"विनी, तू कशासाठी धरले होतेस गुरुवार?"

"असं विचारतात होय?"

"आज विचारतात. मी जातेय."

विनीनं मणी बोटांत फिरवले. "फिन्टननं यावं म्हणून," ती शेवटी म्हणाली. "तू दर वेळी त्याच्या फोनची वाट बघायचीस आणि वाट बघत नाहीये असं दाखवायचीस. मला दिसत नाही, पण ते दिसायचं. म्हटलं, मुलानं येऊन आईला घरी न्यावं."

डेलियाचे हात निसटले. मग ती हसायला लागली. आधी नुसता श्वास, मग खांदे, मग खुर्चीही हलायला लागली. "अगं बाई. अगं बाई गं. म्हणजे तूच घालवलंस मला."

"तू कशासाठी?"

"मला इथून कुणी हलवू नये म्हणून. म्हणजे घरी नाही पाठवलं तरी चालेल, पण इथंच राहू दे, तू दर गुरुवारी येशील. एवढंच मागत होते." तिनं डोळे पुसले, ते नाक ओढण्यावरून कळलं. "एकाच खोलीत बसून, एकाच माळेवर, मी एक ओढतेय आणि ही दुसरं. मरियामातेनं करायचं काय?"

"जायचं नव्हतं तर मला सांगायचं होतंस."

"नवस सांगतात होय?"

बाहेर धुकं विरत असावं. विनीच्या डोळ्यांपुढचा उजेड हळूहळू पिवळसर होत होता.

"मग नववा कुणाचा?" विनीनं विचारलं. तिच्या आवाजात खरीच काळजी होती. लहानपणापासून तिनं एक नेम मोडला नव्हता. ताप असताना लेन्टचे उपास केले होते, आईच्या मरणादिवशीही संध्याकाळची माळ चुकवली नव्हती. "म्हटला, तर तुझं जाणं पक्कं होतं. नाही म्हटला, तर आठही गेले."

"माझं जाणं पक्कंच आहे. खालच्या मजल्यावर त्यानं माझ्यासाठी खोली रंगवलीय. निळी. मला निळा आवडत नाही, पण रंगवलीय. नातीनं दारावर माझं नाव लिहिलंय म्हणे. जायला हवं, विनी. जावंसंही वाटतंय, ते तुला सांगायचं नव्हतं."

"सांगितलंस ते बरं केलंस."

"मग ऐक. नववा म्हणू नकोस."

"काय?"

"राहू दे. पुरा केला की संपला. मग तू तिकडे, मी इकडे, आणि ख्रिसमसला कार्ड. मोडला, तर काय करायचं असतं?"

"पहिल्यापासून," विनी म्हणाली.

"नऊच्या नऊ. आणि माझ्या खोलीत, समोरासमोर, फोनवर नाही. मला झोप लागते."

विनी बसून राहिली. जाणूनबुजून खंड. आजवर असं काही तिनं केलं नव्हतं, आणि आत कुठं तरी आईचा आवाज नाराजीनं घसा खाकरत होता. पण त्याच्याही खाली, जिथं नेहमी प्रार्थना संपल्यावरची शांतता असते, तिथं कुणी रागावलेलं नव्हतं. तिनं बराच वेळ कान देऊन ऐकलं. खरंच कुणी रागावलेलं नव्हतं. मग तिनं माळ पुन्हा खिशात ठेवली.

"वॉटरफर्डला तीन बस बदलाव्या लागतात म्हणे," ती म्हणाली.

"कार्ड आहे ना?"

"आहे की. पण सोबत कोण?"

"आज कोण होतं?"

"पॅकी," विनी म्हणाली. आणि मग पॅकी कोण, ते सांगता सांगता फिन्टन आला.

तो दारातच उभा राहिला, उंचीमुळे असेल, त्याचा आवाज वरून आला. विनी काकू, असं तो म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं. "दर गुरुवारी ही येणार आहे," डेलियानं त्याला सांगितलं. "रात्री राहील. दुसरी खाट लागेल. आणि तिला निळा रंग चालेल, तिला काही फरक पडत नाही." फिन्टन म्हणाला, "हो आई," आणि त्या दोन शब्दांत इतकी सुटका होती की विनीला तो एकदम आवडून गेला.

संध्याकाळी बसच्या दारात यंत्र चिवकलं आणि रॉसकॉमनचा आवाज म्हणाला, "आजी, तुम्हीच ना? सकाळी उतरलात, तेव्हाच मला कसंसं वाटलं होतं. पुढं गेल्यावर या मागच्या बायकांनी मला फाडून खाल्लं."

"खायलाच हवं होतं," मागून कुणी तरी म्हणालं.

"चूक माझी होती. सांगायला सांगितलं होतं मला," विनी म्हणाली, आणि आपल्या बाकावर बसली. "मला सांग बाळा, इथून वॉटरफर्डला कसं जातात? परतीचं नोरीन बघेल गाडीनं."

ड्रायव्हर विचारात पडला. पण बस पडली नाही. "गॉल्वेवरून जा," एक जण म्हणाला. "नको, गॉल्वेला बाकं दगडाची आहेत, डब्लिनवरून जा." "डब्लिनवरून वेळ लागतो, आणि विनीला काय वेळ जात नाही म्हणून डब्लिन?" लाकडी पायाचा डोमिनिक म्हणाला की तो दोनदा गेलाय, नुसता चहा पिऊन परत, फुकट होतं म्हणून. त्याला सगळं पाठ होतं. तो सावकाश नावं सांगत गेला, विनी त्याच्यामागून म्हणत गेली: कॅसलबार, गॉल्वे, गॉर्ट, एनिस, लिमरिक. लिमरिकला बदल, तिथला चहा बरा, मफिन घेऊ नको. मग टिपरेरी, केहिर, क्लॉनमेल, कॅरिक. क्लॉनमेलपाशी डोंगर दिसतो, डोमिनिक म्हणाला, मग थांबला, म्हणाला, "म्हणजे हवा गार होते. तुला कळेल."

"कळेल," विनी म्हणाली. "पुन्हा सांग. गॉर्टच्या पुढं काय?"

"एनिस," तीन-चार जण एकदम म्हणाले.

बस संध्याकाळच्या उजेडात घराकडे चालली होती. विनीनं डोळे मिटले आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरू केलं.